छोट्या गाडीचे टायर

बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोहार जे लोखंडी कडे चढवितो त्याला मराठीत ‘धाव’ असा सुरेख शब्द आहे. धाव विस्तवात तापवून लाल करावयाची, चाकावर बसवावयाची आणि लगेच तिच्यावर पाणी ओतावयाचे. लोखंड आकसते आणि आऱ्यांसकट सारे चाक घट्ट आवळून धरते. ही धाव झिजते, उन्हाळ्यात लाकूड वाळले म्हणजे सैलही होते. पण ती पंक्चर होत नाही. तिच्यात हवाच नसते, मग जाणार काय? चाकात हवा भरून माणसाने आपल्या हाडांना सुख दिले आणि ती हवा केव्हातरी जाणार ही चिंताही त्याच वेळी विकत घेतली. आज मी ज्या टायरविषयी बोलणार आहे तो हवेचे सुख कायम ठेवून ही चिंता दूर करू पाहतो. त्याचे नाव ‘रन-फ्लॅट’, म्हणजे चपटा झाला तरी धावणारा. छोटी गाडी बाळगणाऱ्या काही कुटुंबांपुढे आता हा टायर घ्यावा की नेहमीचाच घ्यावा, असा प्रश्न येऊ लागला आहे. आणि तो दुकानदाराच्या मर्जीवर सोपवून द्यावा इतका किरकोळ खचित नाही.

श्रोतेहो, हवेच्या टायरची कल्पना प्रथम सुचली ती रॉबर्ट विल्यम थॉमसन या स्कॉटिश तरुणाला. १८४५ साली त्याने तिचे पेटंट घेतले, घोडागाडीला तसली चाके लावून दाखविली. परंतु तिला मोल देणारे वाहन तेव्हा जन्मास आले नव्हते. पुढे १८८८ साली बेलफास्ट येथील जॉन बॉइड डनलॉप या पशुवैद्याने आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी हीच युक्ती नव्याने शोधून काढली. सायकलींचे युग सुरू झाले होते, त्यामुळे या खेपेस कल्पना रुजली. थॉमसनचे जुने पेटंट उजेडात आल्यावर डनलॉपचा हक्क बाद ठरला, पण नाव मात्र डनलॉपचेच चालत राहिले. पेटंटच्या कचेरीला न्याय करता येतो; लोकांच्या तोंडातला शब्द बदलता येत नाही.

गाडीचे ओझे रबर पेलीत नाही, हवा पेलते, ही गोष्ट सहसा आपल्या ध्यानात येत नाही. साधा हिशेब करून पाहावा. ९०० किलो वजनाची छोटी गाडी घेतली तर प्रत्येक चाकावर सुमारे २२५ किलो, म्हणजे जवळजवळ ५०० पौंड भार येतो. पेट्रोल पंपावर आपण ‘बत्तीस’ म्हणून जे सांगतो ते दर चौरस इंचाला ३२ पौंड. पाचशेला बत्तीसने भागले की पंधरा-सोळा चौरस इंच येतात. ही झाली एका तळहाताएवढी जागा. अशा चार तळहातांवर आपली गाडी उभी असते, वळते, आणि अचानक समोर मूल आले तर थांबतेही त्यांच्याच बळावर. हवा कमी झाली की टायरची बाजूची भिंत दबते, प्रत्येक फेऱ्यास वाकते आणि वाकण्याने तापते. हवा सगळीच गेली की रिम त्या दबलेल्या भिंतीवर बसते आणि थोड्याच अंतरात तिच्या चिंध्या करते. आपण म्हणतो ‘टायर गेला’; वास्तविक गेलेली असते हवा, आणि टायर जातो तो त्यानंतर आपण गाडी रेटीत राहिल्यामुळे.

मी कोलकात्यातून बोलत आहे, आणि टायरच्या बाबतीत दोन शब्द बोलण्याचा या शहराला अधिकार आहे. हुगळी नदीच्या पश्चिम तीरावर, बंडेलजवळच्या साहागंज येथे १९३६ साली डनलॉप कंपनीने देशातील पहिला टायर कारखाना सुरू केला. त्याच तीरावर, शहरापासून अधिक जवळ, उत्तरपाड्याला हिंदुस्थान मोटर्सच्या कारखान्यात ॲम्बॅसॅडर तयार होई. साहागंजचे काम २०११ साली थांबले. ॲम्बॅसॅडरचे २०१४ साली. उत्तरेकडील बरानगरच्या एका गजबजलेल्या चौकाला मात्र लोक अजून ‘डनलॉप’ म्हणूनच ओळखतात. बसचा वाहक दारात लोंबकळत ‘डनलॉप, डनलॉप’ असा पुकारा करतो, तेव्हा आपण एका पशुवैद्याचे आडनाव घेत आहो हे त्याच्या गावीही नसते.

याच व्यवहारातला दुसरा शब्द आहे ‘स्टेपनी’. मराठीत, बंगालीत, हिंदीत तो इतका मुरला आहे की तो कुठून आला हे कोणी विचारीत नाही. वेल्समधील लानेली गावात स्टेपनी स्ट्रीट नावाचा रस्ता आहे. तेथे डेव्हिस नावाच्या दोघा भावांनी १९०४ च्या सुमारास जादा चाकाचा धंदा काढला. त्या काळच्या मोटारींबरोबर जादा चाक येत नसे; टायर फाटला की रस्त्याच्या कडेला बसून तो उतरवावयाचा, शिवावयाचा, पुन्हा चढवावयाचा. डेव्हिस बंधूंचे चाक म्हणजे हवा भरलेला टायर बसविलेली, आरे नसलेली नुसती रिम होती. चपट्या चाकाच्या अंगाला ती आवळून बसवावयाची आणि मार्गस्थ व्हावयाचे; मूळचे चाक खोलण्याची गरजच नसे. म्हणजे पंक्चर झाले तरी वाटेत खोळंबू नये, ही इच्छा जवळजवळ मोटारीइतकीच जुनी आहे. रन-फ्लॅट हा तिचा आजचा अवतार.

आज प्रचारात असलेल्या रन-फ्लॅटची रचना सांगावयास सोपी आहे. त्याच्या बाजूच्या भिंतीत, आतल्या अंगाने, उष्णता सोसणाऱ्या कठीण रबराचा जाड थर भरलेला असतो. हवा असेपर्यंत हा टायर इतर टायरांसारखाच हवेवर चालतो. हवा गेली म्हणजे भिंत कोसळत नाही. गाडीचा भार ती स्वतः तोलते. उत्पादक साधारणपणे अशी हमी देतात की ताशी ८० किलोमीटरचा वेग न ओलांडता अशा स्थितीत सुमारे ८० किलोमीटर जाता येईल. गाडी माणसांनी आणि सामानाने गच्च भरलेली असेल तर हे अंतर कमी होते, कारण वाकणारी भिंत तापतेच, आणि उष्णतेपुढे कोणतेही रबर शेवटी हात टेकते.

यात एक गोम आहे, आणि टायर खपविणारा ती क्वचितच सांगतो. साध्या टायरची हवा गेली की गाडी एका बाजूला ओढते, सुकाणूचक्र जड होते, आवाज येतो, नवशिक्यालाही कळते. रन-फ्लॅट मात्र इतका निमूटपणे चालत राहतो की चालकाला काही उमजत नाही, आणि खाली उतरून पाहिले तरी तो धड चपटाही दिसत नाही. म्हणून हवेचा दाब उतरल्याची सूचना देणारी यंत्रणा गाडीत असलीच पाहिजे. ती नसलेल्या गाडीला हौसेने हे टायर चढविणारा मनुष्य आपण निश्चिंत झालो असे समजतो. प्रत्यक्षात हवा गेल्याचा पत्ता नसताना तो शंभराच्या वेगाने जात राहतो आणि टायरचे आयुष्य त्याच्या नकळत मिनिटामिनिटाने सरत असते.

छोटी गाडी आणि रन-फ्लॅट यांची सोयरीक आजची नव्हे. साहागंजला ज्या कंपनीचा कारखाना होता त्याच डनलॉपच्या ब्रिटनमधील मूळ कंपनीने १९७० नंतरच्या दशकात ‘डिनोव्हो’ नावाचा टायर काढला. त्याच्या आत वंगणाच्या कुप्या बसविलेल्या असत. हवा जाऊन टायर दबला की त्या उघडत आणि आतल्या आत होणारे रबराचे घर्षण वंगणामुळे कमी होई. १९७४ पासून मिनी १२७५ जीटी या चिमुकल्या गाडीला हा टायर जादा किंमत मोजून मिळू लागला. कल्पना हुशारीची होती. पण तिला स्वतंत्र बनावटीचे चाक लागे, पैसे अधिक पडत आणि वाटेतल्या कोणत्याही दुकानातला कोणताही टायर त्या चाकावर बसविता येत नसे. डिनोव्होने बाजार काबीज केला नाही. टायर किती चांगला आहे यावर त्याचे भवितव्य ठरत नाही. तो जिथे निकामी होईल तिथे त्याला जोड मिळते की नाही, यावर ते पुष्कळसे ठरते. आजच्या रन-फ्लॅटला सामान्यतः तसल्या आगळ्या चाकाची गरज लागत नाही, हे त्याचे मोठे बळ आहे.

२००१ साली नव्या रूपात आलेल्या मिनीच्या अनेक गाड्या रन-फ्लॅट टायरांवरच कारखान्याबाहेर पडल्या. भारतात ही गाडी २०१२ साली आली. नवी असताना ती श्रीमंतांची हौस होती. वापरलेल्या गाड्यांच्या बाजारात उतरल्यावर मात्र तिची, आणि तसल्या दुसऱ्या छोट्या विलायती गाड्यांची, किंमत मध्यमवर्गीय डॉक्टर-वकिलांच्या आवाक्यात येऊ लागली. गाडीची किंमत उतरते. तिच्या टायरांची उतरत नाही. घोटाळा होतो तो इथे.

आपल्या नित्याच्या छोट्या गाड्यांपुढे, म्हणजे ज्यांची चाके १२, १३ किंवा १४ इंचांची असतात त्यांच्यापुढे, हा प्रश्न जवळजवळ येतच नाही. त्या मापाचे रन-फ्लॅट बाजारात जवळपास नाहीतच. त्याला कारण आहे. या गाड्यांच्या टायरची भिंत रिमच्या मानाने उंच असते. बुटकी भिंत जाड करून तिच्यावर भार तोलणे सोपे, उंच भिंतीवर तेच काम अवघड; घर बांधणाऱ्या गवंड्यालाही हे समजावून सांगावे लागणार नाही. तेव्हा मारुतीच्या आल्टोवाल्याने ‘मी रन-फ्लॅट का घेऊ नयेत?’ असा विचार करून झोप घालविण्याचे प्रयोजन नाही. त्याच्यासाठी सांगण्यासारखे वेगळे आहे. तिकडे मी पुढे वळणार आहे.

आता रस्त्यांकडे पाहू. कोलकात्यात विजेवरची ट्राम १९०२ साली सुरू झाली आणि जुन्या शहरातील कितीतरी रस्त्यांच्या मध्यावर तिचे रूळ पडले. २०२४ साली राज्य शासनाने मैदान ते एस्प्लनेड एवढा मार्ग ठेवून बाकीची ट्राम बंद करण्याचा मनोदय जाहीर केला. ट्राम थांबली म्हणून रूळ नाहीसे होत नाहीत. काही उखडले गेले, काही डांबराखाली गाडले गेले, काही जिथल्या तिथे आहेत. आणि रुळालगतचे डांबर खचले की लोखंडाची धारदार कड वर उरते. त्यात पावसाळा. ठनठनिया, ॲमहर्स्ट स्ट्रीट या भागांत जोराची सर आली की गुडघाभर पाणी साचते आणि त्या पाण्याखाली खड्डा आहे की रूळ, हे चाक आपटल्यावरच कळते. असा तडाखा बसला म्हणजे टायरच्या भिंतीतले धागे आतून तुटतात आणि बाहेर फुगा येतो. उंच, लवचीक भिंतीचा टायर तो धक्का पुष्कळसा गिळतो. रन-फ्लॅटची ताठ भिंत तो रिमकडे आणि रिम तो तुमच्या पाठीच्या कण्याकडे रवाना करते. गुळगुळीत रस्त्यावर जो कडकपणा जाणवतही नाही तो उत्तर कोलकात्यात एका सकाळीत पदरात पडतो.

याच्या उलट, पंक्चर काढणारा या शहरात कोपऱ्याकोपऱ्यावर आहे. जुना टायर टांगलेला असतो, तीच त्याची पाटी. ट्यूबलेस टायरमध्ये खिळा घुसला तर हवा एकदम जात नाही, हळूहळू झिरपते. पुष्कळदा घरी पोहोचेपर्यंत गाडी तग धरते. पंक्चरवाला खिळा उपटतो, भोकात कानशीसारखी सळई फिरवितो, डिंकाळलेली दोरी खुपसतो, वरचे टोक कापतो आणि थुंकी लावून बुडबुडा येतो का ते पाहतो. पाच-दहा मिनिटांत आपण मोकळे. हा मनुष्य शंभर पावलांवर असताना ८० किलोमीटरची हमी जादा पैसे देऊन कशाला घ्यावयाची, असे कोणीही विचारील. आणि दिवसा, वस्तीच्या रस्त्यावर, त्याचे म्हणणे बिनतोड आहे.

परंतु शहर अलीकडे जमिनीवरून उठून खांबांवर गेले आहे. विद्यासागर सेतू १९९२ साली खुला झाला, मा उड्डाणपूल २०१५ साली. उड्डाणपुलावर कडेला थांबावयास जागा नसते. मागून येणारी बस वळणानंतर अकस्मात तुमच्यासमोर उभी ठाकते. चाक बदलणारा मनुष्य कसा बसतो ते डोळ्यांपुढे आणा: रस्त्याच्या बाजूला उकिडवा, पाठ वाहनांकडे, दोन्ही हात नटात गुंतलेले, लक्ष खाली. पंक्चरने कोणाचा जीव जात नाही; पंक्चरनंतरच्या या पंधरा मिनिटांत जातो. शहर सोडून दुर्गापूर द्रुतगती मार्गाला लागलात की रात्री मालट्रकांची रांग असते आणि दुकाने विरळ होतात. शक्तिगढला लँचा नावाच्या मिठाईची दुकाने ओळीने लागतात आणि तिथे टायरवालाही भेटतो. पण मधल्या पट्ट्यात काय?

माझ्या परिचयाच्या, दोन पिढ्यांपासून कोलकात्यात असलेल्या एका मराठी कुटुंबात या प्रश्नावर महिनाभर वाद चालला. वडील निवृत्त, हिशेबी. मुलगी डॉक्टर; पूर्वेकडील एका रुग्णालयात तिला आठवड्यातून दोन-तीन रात्री काम असते आणि परत येताना पहाटेचे दोन-अडीच होतात. तिने वापरलेली छोटी विलायती गाडी घेतली होती. टायर झिजले आणि दुकानदाराने चार नव्या रन-फ्लॅटांची किंमत सांगितली. वडिलांचे महिन्याचे निवृत्तिवेतन तिला पुरले नसते. त्यांचे म्हणणे असे की त्याच मापाचे साधे टायर घ्यावेत, डिकीत स्टेपनी टाकावी आणि उरलेली रक्कम बँकेत ठेवावी. पंक्चर काय रोज होते? मला मध्यस्थ नेमण्यात आले. मी आकडे मांडू लागलो तोच ती म्हणाली, “काका, मला पंक्चरची भीती वाटत नाही हो. बाबांनी मला चाक बदलायला कधीच शिकवलंय. मला थांबायला लागण्याची भीती वाटते.”

वादाचे मूळ तिने एका वाक्यात उघडे केले. वडील विचारीत होते, पंक्चर निघेल का? ती विचारीत होती, थांबावे लागेल का? साधा टायर पहिल्या प्रश्नाला चोख उत्तर देतो, दुसऱ्याला देत नाही. रन-फ्लॅटचे नेमके उलट: तो थांबू देत नाही, पण पंक्चर निघण्याच्या बाबतीत अडवणूक करतो. पहाटे दोन वाजता बायपासवर एकटी असलेल्या स्त्रीच्या बाबतीत कोणता प्रश्न आधीचा, याविषयी मला संदेह नव्हता. ८० किलोमीटरांत ती शहराच्या कोणत्याही टोकापासून आपल्या दारात पोहोचते, आणि घरी पोहोचल्यावर टायरचे काय व्हायचे ते होवो. तिने रन-फ्लॅटच बसविले. वडिलांची स्वतःची जुनी मारुती आहे. ती सकाळी बाजारात आणि संध्याकाळी हाजरा रोडच्या महाराष्ट्र निवासात जाते. तिला साधेच ट्यूबलेस टायर आहेत आणि तेच योग्य आहे. एकाच घराने दोन्ही बाजूंनी कौल दिला.

अडवणूक म्हणजे काय, तेही सांगतो. रन-फ्लॅट हवेविना चालविला गेला की त्याच्या भिंतीला आतून किती इजा झाली ते बाहेरून दिसत नाही. म्हणून बहुतेक उत्पादक त्याची दुरुस्ती करू नका असे सांगतात. दहा रुपयांच्या खिळ्यापायी सबंध टायर टाकावा लागतो. शिवाय ही ताठ भिंत रिमवरून उतरविण्यास योग्य यंत्र आणि सराईत हात लागतो. टांगलेल्या टायरखालच्या आपल्या मित्राचे ते काम नव्हे. जून २०२० मध्ये केंद्र सरकारने मोटारींच्या नव्या टायरांची आयात परवान्याच्या कक्षेत आणली, तेव्हा परदेशी मापांवर अवलंबून असलेल्या गाड्यांच्या मालकांना टायरच्या शोधात शहरे पालथी घालण्याची वेळ आली होती. ज्याची गाडी असे टायर मागते त्याने ते झिजून गुळगुळीत होईपर्यंत वाट पाहू नये. दोन महिने आधी चौकशीस लागावे.

रन-फ्लॅट काढून साधे टायर घालावयाचे असतील तर त्यास आडकाठी नाही, पण ते अर्धवट करू नये. चारही चाकांना एकाच जातीचे टायर हवेत. पुढे ताठ आणि मागे लवचीक अशी जोडी लावली तर ओल्या वळणावर गाडी दोन वेगवेगळ्या मनांनी वागते. माप, भाराचा अंक आणि वेगाचे अक्षर मूळ टायरवर असेल तेच किंवा त्याहून वरचे घ्यावे. आणि हे ध्यानात ठेवावे की रन-फ्लॅटसाठीच बनविलेल्या गाडीत स्टेपनीला बहुधा जागाच नसते. ती डिकीत आडवी टाकली तर प्रवासाची पेटी मागच्या सीटवर येते. जागेच्या या तंट्याला कंटाळून पुष्कळ जण स्टेपनीवाचून फिरतात, आणि मग त्यांच्यापाशी ना रन-फ्लॅट असतो ना जादा चाक. या दोहोंपैकी एकही नसणे, ही तिसरी निवड सर्वांत वाईट. दुर्दैवाने ती न ठरविता आपोआप होते.

कायद्यानेही तिची वाट थोडी सोपी केली आहे. २०२० साली केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती झाली. ट्यूबलेस टायर, हवेच्या दाबाची सूचना देणारी यंत्रणा आणि पंक्चर दुरुस्तीचा संच असलेल्या छोट्या प्रवासी गाडीला त्या वर्षीच्या ऑक्टोबरपासून स्टेपनीची सक्ती राहिली नाही. डिकी मोठी होते, गाडीचे वजन घटते, हे खरे. पण त्या संचातील चिकट द्रव खिळ्याने पडलेले भोक बुजवितो. रुळाच्या कडेने किंवा फुटलेल्या दुभाजकाने भिंत चिरली तर तो असहाय आहे. आपल्याकडचे रस्ते खिळ्यांइतकेच कडांचेही आहेत. नियमाने सूट दिली तरी, साध्या टायरांवर चालणाऱ्या आपल्या गाडीत पुरे चाक ठेवावे असे माझे स्पष्ट मत आहे. ते चाक कमी रुंदीचे, तात्पुरत्या कामाचे असेल तर त्यालाही वेगाची मर्यादा असते आणि ती त्याच्या अंगावर छापलेली असते.

महाराष्ट्रातील श्रोत्यांसाठी आणखी एक गोष्ट. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरांचा आहे आणि त्याच्या सपाट भागात मोटारींना ताशी १२० किलोमीटरपर्यंत वेगाची मुभा आहे. अपघात वाढले तेव्हा, २०२३ साली, परिवहन विभागाने प्रवेशद्वारांवर टायर तपासून झिजलेल्या टायरांच्या गाड्या परत पाठविण्यास सुरुवात केली. मोटारीच्या टायरची नक्षी किमान १.६ मिलिमीटर खोल हवी, असा नियम आहे. खाचांत मध्ये मध्ये बारीक उंचवटे असतात, नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली की टायरचे दिवस भरले. तासन् तास एका वेगाने जाणाऱ्या, हवा कमी असलेल्या, झिजलेल्या टायरची भिंत तापत तापत शेवटी फुटते. हे पंक्चर नव्हे, स्फोट आहे. आणि त्याच्यापुढे रन-फ्लॅटचा ताठपणा गाडी ताब्यात ठेवण्यास थोडा हातभार लावील एवढेच. पट्टाच सोलून निघाला तर तोही हतबल. म्हणून आल्टोवाला असो की मिनीवाला, पंधरा दिवसांतून एकदा, गाडी चालविण्यापूर्वी, टायर थंड असताना हवा मोजून घ्यावी. किती हवी तो आकडा चालकाच्या दारालगतच्या खांबावर चिकटविलेला असतो. भरलेल्या गाडीसाठी तो निराळा असतो, तोही तिथेच लिहिलेला असतो. पंपावर नायट्रोजन भरण्याचे पैसे मागतात. द्यायचे असल्यास द्यावेत, पण फुकटच्या हवेतही शेकडा ७८ भाग नायट्रोजनच असतो.

नवा टायर घेताना त्याच्या भिंतीवरील चार अंकांचा शिक्का वाचून घ्यावा. ‘२३२४’ असे असेल तर तो २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. रन-फ्लॅटच्या बाबतीत हे विशेष पाहावे, कारण ज्या मापांना गिऱ्हाईक थोडे ती गोदामात वर्षानुवर्षे पडून राहतात, आणि दमट हवेत रबर म्हातारे होण्यासाठी रस्त्यावर धावण्याची वाट पाहत नाही. तोच शिक्का डिकीतल्या स्टेपनीवरही असतो. तो वाचावयाचा तर डिकीतले सामान काढून गालिचा उचलावा लागतो. उचललाच आहे तर तिच्यातली हवाही त्याच वेळी मोजून घ्यावी.